दारू सोडून ११२ दिवस झाले, रिपोर्ट चांगले आले, पण मन कशातच लागत नाही

माहुलीकर | १२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वय ४४, साताऱ्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. अठरा वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची सहा वर्षं रोज. आज ११२ वा दिवस.

सोडली कशी ते आधी सांगतो, कारण त्यात माझी मोठी चूक झाली आणि ती दुसऱ्या कुणी करू नये. कुणालाही न विचारता एका सोमवारी बंद केली. पहिल्या दिवशी घाम, मळमळ, हात थरथर. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. मी चादर झटकत बसलो होतो. वारलेले वडील दारात उभे दिसले, त्यांच्याशी बोलत होतो म्हणे. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी झालंय. तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली, गावातला एकजण अंगारा घेऊन यायला निघाला होता. मेहुणा वेळेवर आला आणि त्यानं रिक्षात घालून सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बाधा-बिधा काही नाही, रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, अजून घरी ठेवला असता तर जिवावर बेतलं असतं. सहा दिवस ॲडमिट होतो. शिरेतून बी-वनची इंजेक्शनं आणि रोज थोड्या थोड्या कमी करत आणलेल्या गोळ्या.

आता शरीराचं सांगतो. लिव्हरच्या रक्ततपासणीत जीजीटी ३८६ होतं, शंभराव्या दिवशी ४१ आलं. एसजीओटी १४८ वरून २९. सोनोग्राफीत लिव्हरची चरबी कमी झालीय. डोळ्यांचा पिवळटपणा गेला. आणि हात. आमच्या कामात हातच सगळं आहे. मायक्रोमीटर धरला की रीडिंग दर वेळी वेगळं यायचं, म्हणून सकाळी घरातून दोन घोट घेऊन निघायचो, त्याशिवाय पहिला जॉब मोजताच यायचा नाही. आता मोजतो तेव्हा तीनदा मोजलं तरी तेच रीडिंग येतं. पहिल्यांदा तसं आलं त्या दिवशी मी मशीन थांबवून पाच मिनिटं नुसता हाताकडे बघत उभा होतो.

हे सगळं असूनही आत काही नाही. मुलगी तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेत पहिली आली. घरात सगळे हसले, मीही हसलो, पण आत काहीच हललं नाही. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ कसा काढायचा कळत नाही. चिडचिड इतकी की भाकरी जरा करपली तरी ताट सरकवतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. रात्री गूळ-शेंगदाणे खात बसतो. पेढ्याला कधी हात न लावणारा मी, आता पाव किलो कंदी पेढे दोन दिवसांत संपवतो. स्वप्नात पितो. दचकून उठतो, खरंच प्यायलो की काय म्हणून तोंडावर हात धरून वास घेतो.

वासावरून आठवलं. बायको अजून रोज संध्याकाळी जवळ येते आणि वास घेते. बोलत काही नाही. ११२ दिवस झाले तरी घेते. त्याचा राग येतो आणि रागवायचा हक्क नाही हेही कळतं.

२१ तारखेला रहिमतपूरला चुलतभावाच्या मुलाची हळद आहे. हळदीच्या रात्री मांडवामागे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. टाळता येणार नाही.

विचारायचं एवढंच: हे असं किती दिवस राहतं? की मी आता असाच?

---

सिस्टर_मिरज | १२ फेब्रुवारी, रात्री १०.५५

दादा, आधी तुमच्या मेहुण्याला माझा नमस्कार सांगा.

मी ३१ वर्षं मिरजेत नर्सिंग केलं, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. तिसऱ्या रात्रीचे असे पेशंट खूप पाहिले. तुमच्या घरी जे झालं ते घरोघरी होतं, म्हणून नीट लिहिते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की ६ ते १२ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, मुंग्या-किडे दिसतात, माणसं दिसतात, ताप चढतो. ह्यात माणसं दगावतात. ज्याला सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर होत नाही, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, त्यानं घरी स्वतःच्या बळावर सोडायची नाही. डॉक्टरकडे जाऊनच सोडायची.

अजून एक. नातेवाईक आले की म्हणतात, अशक्त झालाय, ग्लुकोजची बाटली लावा. खूप पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरलेलंच नसतं. बी-वन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी बी-वन. गल्लीतल्या कंपाउंडरकडून सलाईन लावून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता तुमचा प्रश्न. दारू मेंदूला दाबून ठेवते. समजा बाहेरून कुणी रोज दार ढकलतंय आणि तुम्ही वर्षानुवर्षं आतून खांदा लावून उभे आहात. बाहेरचा माणूस अचानक बाजूला झाला तर तुम्ही तोंडावर पडता. पहिल्या आठवड्यात तुम्ही पडलात ते हे. पण पडल्यावर लगेच नीट चालता येत नाही. आनंद वाटण्याची मेंदूतली जी यंत्रणा आहे, तिला इतकी वर्षं दारूचा मोठा धक्का मिळत होता. मुलीची शर्यत, गरम भाकरी, गार वारा हे तिला आज ऐकूच येत नाही. ते ऐकू येऊ लागतं, पण आठवड्यांनी नाही, महिन्यांनी. बहुतेकांना सहा महिन्यांपासून वर्षभरात फरक जाणवतो, एकदम नाही, येतो-जातो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी परत तेच. त्या पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, काही उपयोग नाही, आणि पितो.

स्वप्नांचं घाबरू नका. दारूनं जी झोप दाबून टाकली होती, ती आता जोरानं परत येतेय. स्वप्नात प्यायलेलं मोजत नाहीत.

गोडाचं: एका क्वार्टरमध्ये साधारण ४०० कॅलरी असतात. शरीर ती जागा भरून मागतं. पहिले काही महिने गूळ खाल्ला तर मी रागावणार नाही, पण दारूनं स्वादुपिंडही दुखावलेलं असतं, म्हणून साखर एकदा तपासून घ्या. आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पोटभर काहीतरी खा. थालीपीठ, उसळ-पाव, काहीही. सातची तलफ निम्मी भुकेची असते.

एवढं करूनही जर रोज, दिवसभर उदासच वाटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो नुसता दारू सोडल्याचा परिणाम समजून बसू नका. नैराश्य हा वेगळा आजार असतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

---

उसाचा_फड | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. माझ्या चुलत्यानं पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब नाही. २२ वर्षं झाली. मनाचा निर्धार पाहिजे. गोळ्या, इंजेक्शनं, मीटिंगा हे सगळं निर्धार नसलेल्यांचं.

---

एक_दिवस_कराड | १३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

उसाचा फड, तुमच्या चुलत्यांना मी मनापासून मान देतो. पण माझ्याही गळ्यात माळ आहे, म्हणून बोलतो. ती मी दुसऱ्यांदा घातलेली आहे. पहिली घातली तेव्हा निर्धारात काही कमी नव्हती. तरडगावला चांदोबाच्या लिंबाचं पहिलं उभं रिंगण होतं, घोडा धावत गेला, मी रडलो होतो. अकरा महिन्यांनी ती माळ काढून खिशात ठेवली आणि प्यायलो. का प्यायलो, तर मुलाला नोकरी लागली. दुःखात पिणार नाही याची मी तयारी केली होती. आनंदाची तयारीच केली नव्हती.

माळ खूप मोठं काम करते. गळ्यात माळ दिसली की आपल्या भागात कुणी ग्लास पुढे करत नाही, उलट हात जोडतो. दहा लोकांना दहा वेळा नाही म्हणायचं बळ वाचतं. पण सुरुवातीच्या दिवसांतली फिट माळेनं थांबत नाही, त्याला इंजेक्शनच लागतं. आणि अकरा महिन्यांनी आतून जे येतं ते ओळखायला माणसं लागतात. ज्याला जे मिळेल ते सगळं घ्यावं. बुडणाऱ्यानं दोर सुताचा की नायलॉनचा विचारू नये.

माहुलीकर, आता तुमच्याशी. माझं वय ६१, कारखान्यातून निवृत्त, दारू सोडून १९ वर्षं झाली. दुसऱ्या वेळी पुण्याला मुक्तांगणला गेलो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. आपल्या साताऱ्यातही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या परिवर्तन संस्थेनं हे काम केलेलं आहे, तेव्हा लांब जावंच लागतं असं नाही. तिथून आल्यावर एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जायला लागलो. नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही, फी नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रनला एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि लक्षात आलं की बोलत असताना प्यावंसं वाटत नाही. तिथून हे सुरू झालं. मला ही गोष्ट फार खरी वाटते, कारण माझ्याही बाबतीत तेच झालं. मला कुणाच्या उपदेशानं कधी फरक पडला नाही. एका एसटी ड्रायव्हरनं त्याची गोष्ट सांगितली, ती माझीच होती, आणि त्या दिवशी मी घरी सरळ गेलो.

तुम्ही सात ते नऊचं लिहिलंत. ती वेळ रिकामी राहणार नाही, ती भरली जाणारच. काय भरायचं एवढंच आपल्या हातात. मी पहिलं वर्षभर कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर चालायला जायचो. चालण्यानं फार काही बरं वाटत होतं असं खोटं सांगणार नाही. पाय चालायचे, डोक्यात तीच पट्टी फिरायची. पण नऊ वाजायचे. आणि नऊ वाजले की दिवस निघाला. मी कधी म्हटलं नाही की जन्मभर पिणार नाही. आज नाही, एवढंच. तलफ आली की घड्याळ बघा, वीस-तीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो. ती लाट असते, वाढत वाढत आभाळाला लागत नाही.

आणि चार गोष्टी रोज तपासा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का. ताट सरकवलं त्या दिवशी ह्यातलं काहीतरी नक्की होतं. ओव्हरटाइम करून उपाशी घरी आला असाल.

पहिल्या वर्षात नोकरी सोडणं, जमीन विकणं, वाटण्या मागणं असले निर्णय घेऊ नका. डोकं अजून निवळलेलं नसतं, पण आपल्याला वाटतं निवळलंय.

---

उसाचा_फड | १३ फेब्रुवारी, रात्री ८.०५

काका, तुमचं वाचून चुलत्यांना फोन केला. विचारलं पहिल्या आठवड्यात काय झालं होतं. म्हणाले, पंढरपुरातच फिट आली होती, तिथल्या सरकारी दवाखान्यात चार दिवस होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. २२ वर्षांत आज पहिल्यांदा सांगितलं. सकाळचं माझं बोलणं मी मागे घेतो.

---

कोरेगावची | १४ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

माहुलीकर भाऊ, मी तुमच्या बायकोच्या बाजूनं लिहिते. आमच्या मिस्टरांनी दारू सोडून तीन वर्षं झाली आहेत.

मला चौदा वर्षांत एक विद्या आली होती. गाडी दारात आली की स्टँड लावायच्या आवाजावरून मला कळायचं, किती घेतलीय. एका झटक्यात लागला तर नाही घेतली. दोनदा पाय मारला तर घेतलीय, पण जेवतील. गाडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला तर मुलांना आतल्या खोलीत पाठवायचं आणि आतून कडी. पोरं लहान असताना त्यांनाही तो आवाज कळायला लागला होता. मी काही बोलायच्या आधी धाकटा दप्तर उचलून आत जायचा. चार वर्षांचा होता.

त्यांनी दारू सोडली. पण माझे कान कुणी सोडवायचे? दीड वर्ष मी स्टँडचा आवाज ऐकत राहिले. हात चालायचे, पोळी तव्यावर असायची, आणि सहा वाजले की छाती धडधडायची. तुमची बायको वास घेते ते तुम्हाला तपासायला घेत नाही. ती स्वतःला सांगते, आज जेवण नीट होईल, आज झोपायला मिळेल. तो वास घेतल्यावर तिचा दिवस मोकळा होतो. तिला थांबवू नका आणि तिच्यावर उपकार म्हणूनही करू देऊ नका. तिचं ते औषध आहे, जसा तुमचा गूळ.

आणि एक सांगते, कारण कुणी तुम्हाला सांगणार नाही. तुमची सुटली की घरच्यांना आनंद होईल असं तुम्हाला वाटतं. आम्हाला आधी आनंद होत नाही. मला आठव्या महिन्यात राग आला. इतका की मी स्वतःला घाबरले. चौदा वर्षं रागवायला सवडच नव्हती, घर सांभाळायचं होतं. सगळं शांत झालं तेव्हा तो बाहेर आला. एका रात्री यांनी नुसतं म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. मी पातेलं जमिनीवर आपटलं. त्या रात्री यांना वाटलं, सोडून तरी काय मिळालं. मला वाटलं, हा माणूस प्यायचा तेव्हा निदान मला माझं काम माहीत होतं. दोघांनाही असं वाटणं हा बरं होण्याचाच भाग आहे, हे मला नंतर कळलं. मी साताऱ्याला पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग असते तिथे जायला लागले. तिथे पहिल्यांदा कुणी मला विचारलं की तू कशी आहेस. तोवर सगळे विचारायचे, ते कसे आहेत.

आता माझी एक चूक लिहिते. ते प्यायचे तेव्हा कुणीतरी मला गोळ्या आणून दिल्या आणि सांगितलं, भाजीत बारीक करून घाल, प्यायले की उलटी होईल, आपोआप सोडतील. मी घातल्या. त्यांना काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ते पिऊन आले आणि तोंड लालबुंद झालं, श्वास लागला, छातीत धडधड, उलट्या, आणि कोसळले. बीपी लागत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, आणि मला सांगताना माझी वाचा बसली. वाचले ते माझ्या नशिबानं. ह्या गोळीचं नाव डायसल्फिराम. ती वाईट नाही, पण ज्यानं घ्यायची त्याला माहीत असलं पाहिजे, त्यानं स्वतः हो म्हटलं पाहिजे, हृदय-लिव्हर तपासून डॉक्टरांनी दिली पाहिजे. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिची रिॲक्शन येऊ शकते. कुणाही बहिणीला असा सल्ला मिळाला तर माझी शपथ आहे, करू नका. त्यानंतर त्यांचा माझ्या हातच्या जेवणावरचा विश्वास उडाला तो पुष्कळ दिवस. मला वाटायचं विश्वास फक्त त्यांनीच मोडलाय.

---

सिस्टर_मिरज | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

ताई, हे लिहायला धीर लागतो. असे दोन पेशंट मी पाहिले आहेत, दोघांच्याही बायका बाहेर बाकावर बसून होत्या आणि कुणालाच काही सांगत नव्हत्या. लिहितानाही डोळे भरून आले. एक जण वाचला नाही.

---

नाव_नको | १५ फेब्रुवारी, रात्री ११.४५

मी साताऱ्यातच राहते. वय ३६. शिक्षिका आहे. मीही पीत होते. आज ४० दिवस झाले.

ह्या धाग्यावर सगळे पुरुष सोडतात आणि बायका वाट बघतात. माझी वाट बघणारं कुणी नाही, कारण कुणाला माहीतच नाही. मी बाटली पुण्याहून आणायची, इथल्या दुकानात कशी जाणार. रिकामी बाटली टाकायला रविवारी यवतेश्वरच्या रस्त्याला जायचे. मीटिंगला गेले तर समोर विद्यार्थ्याचा बाप बसलेला असेल. मी काय करू?

---

सिस्टर_मिरज | १६ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

नाव_नको, रात्रभर तुझा विचार केला. ४० दिवस एकटीनं काढलेस. आता एकटी राहू नकोस.

आधी तब्येतीचं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूनं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि लिव्हर पुरुषांपेक्षा लवकर बिघडतं. लिव्हरच्या तपासण्या आणि हिमोग्लोबिन करून घे. लॅबच्या चिठ्ठीवर दारूचा उल्लेख नसतो, नुसतं लिव्हर फंक्शन टेस्ट लिहिलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, पेशंटचं गुपित राखणं हे त्यांच्यावर कायद्यानंही बंधनकारक आहे. साताऱ्यात नको वाटलं तर पुण्यात दाखव. एएच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं, आणि बायकांच्या वेगळ्याही असतात. व्यसनाच्या मदतीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे, नाव सांगायची सक्ती नाही. आणि मी आहे. मला इथे मेसेज कर, मी पहाटे पाचपासून जागी असते.

---

कोरेगावची | १६ फेब्रुवारी, सकाळी ९.००

नाव_नको, मी वाट बघते. रोज रात्री इथे नुसता दिवसाचा आकडा लिही. ४१.

---

नाव_नको | १६ फेब्रुवारी, रात्री १०.३०

४१.

---

माहुलीकर | १७ फेब्रुवारी, रात्री ९.१५

तुमच्या सगळ्यांचं चार दिवस वाचतोय. उत्तर द्यायला शब्द सापडत नव्हते.

कोरेगावच्या ताईंचं लिखाण मी बायकोला वाचायला दिलं. ती चूल आवरून ओट्याला टेकून उभ्यानं वाचत होती. पूर्ण वाचलं, फोन परत दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्याकडे स्टँड नव्हता, फाटकाची कडी होती. आणि मग मला आठवत नसलेली एक रात्र तिनं सांगितली. पावसाळ्यातली, पोरगी तापानं फणफणलेली, आणि मी गाडीची किल्ली देत नव्हतो. ती पोरीला घेऊन माहुलीहून गावात चालत निघाली होती, मध्ये कुणीतरी टेम्पोत घेतलं. मला खरंच काही आठवत नाही. इतकी वर्षं तिनं ही रात्र एकटीनं सांभाळली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, आत्ता नको, आत्ता फक्त ऐका. ऐकलं.

त्या रात्री मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत काहीतरी हललं, ते हे होतं. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पण काहीतरी वाटलं.

साडेपाचला खायचं सुरू केलंय. डब्यात जास्तीची चपाती-भाजी नेतो आणि सुट्टी व्हायच्या आधी खातो. चिडचिड खरंच कमी आहे. कराडच्या काकांनी ओव्हरटाइमचं बरोबर ओळखलं. साखर तपासली, जेवणाआधीची ११८ आली, डॉक्टर म्हणाले काठावर आहे, पेढे बंद. सकाळी माझ्याबरोबर पळायला येतोस का असं मुलीनं विचारलं, मी म्हटलं मला चालायला सांग. ती पुढे पळते, परत माझ्यापर्यंत येते, परत पुढे जाते.

हळदीचं मात्र पोटात गोळा आणतंय. आता सगळे म्हणायला लागलेत, चार महिने झाले, आता एखादी बियर काय होतंय, कंट्रोल तर आलाय तुला. रिपोर्ट नॉर्मल आलेले त्यांनाही माहीत आहेत, मीच आनंदानं सांगत सुटलो होतो.

---

एक_दिवस_कराड | १७ फेब्रुवारी, रात्री ९.५०

लिव्हर बरं झालं म्हणजे पिण्याचा परवाना मिळाला असं नाही. लिव्हर विसरतं, मेंदू विसरत नाही. मी अकरा महिन्यांनी एक बियरच घेतली होती. आठवडाभरात जुन्या मापावर होतो, आणि नंतरचं सोडणं पहिल्यापेक्षा जड गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की दर वेळी सोडताना त्रास वाढत जातो.

हळदीला उशिरा जा, लवकर नीघ. गाडी स्वतःची ने. हातात कायम काहीतरी ठेव, चहा, सरबत. रिकाम्या हातात लोक ग्लास देतात. कारणं सांगत बसू नकोस. डॉक्टरांनी बंद सांगितलीय, एवढंच म्हण आणि उठ. मांडवामागे जाऊच नकोस, आचाऱ्यापाशी बस.

---

कोरेगावची | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

मी यांचे मिस्टर लिहितोय. बायकोनं सगळा धागा दाखवला, भाजीतल्या गोळीचंही. ते आम्ही दोघांनी मिळून लिहायचं ठरवलं होतं.

रहिमतपूर आम्हाला जवळ आहे. मी २१ ला संध्याकाळी सातला येतो. ओळख विचारली तर मशीनचा पार्ट घेऊन आलोय म्हणून सांगू. तुझ्याबरोबर जेवतो, तुझ्याबरोबर निघतो. नंबर मेसेज केलाय.

---

नाव_नको | १८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

४३. सिस्टरांशी बोलले.

---

माहुलीकर | २१ फेब्रुवारी, रात्री ११.२०

आत्ताच घरी आलो. आठ ते साडेनऊ आम्ही दोघं आचाऱ्याच्या मागे पोत्यांवर बसून होतो. भाऊंनी मला त्यांच्या पहिल्या वर्षातल्या हळदीचं सांगितलं, मी त्यांना मायक्रोमीटरचं सांगितलं. दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्या वेळी पुतण्या स्वतः आला, हातात ग्लास होता, वास माझ्यापर्यंत आला. तोंडाला पाणी सुटलं, हे खरं लिहितो. डॉक्टरांनी बंद सांगितलीय म्हटलं. तो हसला आणि गेला. मग वीसेक मिनिटं मी घड्याळच बघत होतो, भाऊ काही बोलले नाहीत, नुसते शेजारी बसून राहिले. ओसरलं.

फाटकाची कडी काढली तेव्हा बायको ओसरीवर जागी होती. जवळ आली. मी थांबलो आणि तोंड उघडून श्वास सोडला. ती म्हणाली, कांदाभजी खाल्लीस.

१२१.

---

नाव_नको | २१ फेब्रुवारी, रात्री ११.३०

४६.